सुट्टीतली बाग आणि बागेचे फाटक

परीक्षा संपल्या की आता आमच्या वस्त्यांमध्येही सहलीची बोलणी सुरू होतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्या समाजातली मुले-मुली आज संगणकाच्या कंपन्यांत काम करतात, न्यू जर्सीत घर करून राहतात आणि आईवडिलांना तिकीट पाठवून सुट्टीत बोलावून घेतात. यावर नाक मुरडणारे आमच्यातही आहेत. फिरणे म्हणजे चैन, चळवळीच्या माणसाला ते शोभत नाही, असे ते म्हणतात. त्यांना आम्ही एवढेच विचारतो, पगारी सुट्टी या देशातल्या कामगाराला कायद्याने कुणी मिळवून दिली? व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी पगारी सुट्टीचे विधेयक मांडले आणि १९४५ साली त्याचा कायदा झाला. १९४६ साली कारखान्यातला आठवडा ४८ तासांचा झाला. विश्रांती हा श्रमणाऱ्याचा हक्क आहे, ही बाबासाहेबांची भूमिका होती. तेव्हा सुट्टी घ्यावी, फिरावे, पोराबाळांना जग दाखवावे. फक्त डोळे उघडे ठेवून फिरावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मोठ्या शहराच्या सहलीत एक ठिकाण हमखास असते, ते म्हणजे तिथली मोठी सार्वजनिक बाग. न्यूयॉर्कला जाणारा माणूस सेंट्रल पार्क पाहिल्याशिवाय परतत नाही. सहल कंपनीच्या कार्यक्रमात त्यासाठी तास-दीड तास ठेवलेला असतो. तळ्याकाठी फोटो, घोडागाडीतून एक फेरी, एखादे आइस्क्रीम आणि बस पुढच्या ठिकाणी. बाग म्हणजे झाडे, गवत आणि हवा, तिचा राजकारणाशी काय संबंध, असे आमच्या लोकांनाही वाटते. संबंध आहे आणि तो अगदी घट्ट आहे. ज्या जागेत शिरायला तिकीट लागत नाही, शिक्षण लागत नाही, ओळख लागत नाही, त्या जागेत कुणाला येऊ दिले जाते आणि कुणाला नाही, यावरून त्या समाजातली समता नेमकी कळते. बाग ही समतेची पहिली परीक्षा आहे.

बाबासाहेबांच्या चरित्रातच एक बाग आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणारा विद्यार्थी भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत असे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. त्या सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. गुरुजींनीच पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला आणि त्या ठरावातून महाडचा सत्याग्रह उभा राहिला. गरीब पोराला तिकिटाशिवाय बसता येईल असे एक बाक शहरात असले, तर त्यातून काय घडू शकते याचा याहून मोठा दाखला कुठे शोधायचा? म्हणून बागेला चैन म्हणू नये. एका खोलीत सहा जण झोपणाऱ्या घरातल्या विद्यार्थ्यासाठी बाग हीच अभ्यासिका असते.

आता न्यूयॉर्ककडे वळू. आमच्या वाचकांपैकी जे तिकडे जातील, त्यांनी सहल कंपनीचा रस्ता सोडून आम्ही सांगतो त्या रस्त्याने एक दिवस काढावा. सुरुवात कोलंबिया विद्यापीठापासून करावी. भुयारी रेल्वेच्या ११६व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरले की समोर विद्यापीठ. तिथल्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. बाबासाहेब जिथे राहिले त्या हार्टले आणि लिव्हिंग्स्टन या वसतिगृहांच्या इमारती ॲमस्टरडॅम अव्हेन्यूच्या कडेला आहेत. पुतळ्याला वंदन करून बहुतेक लोक परत फिरतात. आम्ही म्हणतो, परत फिरू नका. पूर्वेकडे थोडे चाला. टेकडी संपते आणि खाली एक लांबट बाग दिसते. ते मॉर्निंगसाइड पार्क. बागेच्या वरच्या कडेला विद्यापीठ आहे आणि खालच्या कडेला हार्लेम, म्हणजे काळ्या माणसांची जगप्रसिद्ध वस्ती.

या बागेची गोष्ट प्रत्येक आंबेडकरवाद्याला माहीत असली पाहिजे. १९६०च्या दशकात विद्यापीठाने या सार्वजनिक बागेतली दोन एकरांहून थोडी अधिक जागा भाड्याने घेतली आणि तिथे व्यायामशाळा बांधायला काढली. इमारतीचा मोठा भाग विद्यापीठाला आणि खालचा लहानसा भाग हार्लेमच्या रहिवाशांना, अशी वाटणी ठरली. विद्यार्थ्यांचा दरवाजा टेकडीवर वरच्या बाजूला, हार्लेमच्या लोकांचा दरवाजा खालच्या बाजूला. जमीन सार्वजनिक, पण दरवाजे दोन! आमच्या लोकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. वेगळी विहीर, वेगळा कप, शाळेतला वेगळा माठ हे सगळे आम्ही पाहिले आहे. अमेरिकेतल्या वंशभेदाच्या कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत. व्यायामशाळेच्या ‘जिम’वर कोटी करून हार्लेमकरांनी या इमारतीलाही तेच नाव दिले. २३ एप्रिल १९६८ रोजी विद्यार्थ्यांनी आंदोलन सुरू केले आणि हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला. पोलिसांचा मार पडला, शेकडो अटका झाल्या, पण व्यायामशाळा रद्द झाली. बांधकामासाठी खोदलेला खड्डा कित्येक वर्षे तसाच पडून होता. आज तिथे तळे आणि धबधबा आहे. बाबासाहेबांच्या विद्यापीठाच्या पायथ्याशी असलेले हे तळे दोन दरवाजांच्या पराभवाचे तळे आहे. महाडच्या वारसदारांनी त्याच्या काठावर घटकाभर बसावे.

तिथून दक्षिणेला ११०व्या रस्त्यावर आले की सेंट्रल पार्कचा वायव्य कोपरा लागतो. या कोपऱ्यावर फ्रेडरिक डग्लस यांचा पुतळा आहे. गुलामीतून पळालेला आणि लेखणीने गुलामगिरीवर घाव घालणारा हा माणूस. त्याच ११०व्या रस्त्याने पूर्वेकडे गेले की बागेचे एक फाटक लागते. २०२२ साली त्याला निर्दोष ठरलेल्यांचे फाटक असे नाव देण्यात आले. १९८९ साली या बागेत एका तरुणीवर अत्याचार झाला. पोलिसांनी काळ्या आणि लॅटिनो वंशाच्या पाच किशोरवयीन मुलांना पकडले, तासन्‌तास दटावून त्यांच्याकडून कबुलीजबाब घेतले आणि त्या कबुलीवर त्यांना शिक्षा झाल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना जनावरे ठरवले. पुढे खऱ्या गुन्हेगाराने स्वतः कबुली दिली, डीएनए जुळला आणि २००२ साली पाचही जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. २०१४ साली शहराने ४ कोटी १० लाख डॉलरची भरपाई दिली. पण पोरांचे तारुण्य तुरुंगात गेले ते गेलेच. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, असा आमच्याकडे जुना नियम आहे. तरीही पारधी वस्तीत चोरीच्या संशयावरून पोरे उचलली जातात, तेव्हा गाव आधीच निकाल देऊन मोकळे होते. न्यूयॉर्क शहराने आपल्या अन्यायाचे नाव स्वतःच्या बागेच्या फाटकावर कोरले. आमच्याकडे अशी एखादी पाटी आहे काय?

आता बागेच्या आत, पश्चिमेच्या कडेने ८९व्या ते ८२व्या रस्त्यापर्यंत यावे. इथे हिरवळ आहे, खडक आहेत आणि माहितीचे काही फलक आहेत. १८५७ पूर्वी इथे सेनेका व्हिलेज नावाचे गाव होते. १८२५ साली अँड्र्यू विल्यम्स नावाच्या बूट पॉलिश करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या काळ्या तरुणाने १२५ डॉलरला जमिनीचे तीन तुकडे घेतले आणि त्याच्यामागून इतर काळी कुटुंबे आली. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्ण संपली ती १८२७ साली. म्हणजे मुक्तीच्या आधीच ही माणसे जमिनीची मालक झाली होती. जमीन का घेतली, तेही समजून घ्यावे. १८२१ सालच्या राज्यघटनेने काळ्या पुरुषाला मताधिकार हवा असेल तर २५० डॉलरची मालमत्ता असली पाहिजे, अशी अट घातली होती. गोऱ्यांना ही अट नव्हती. जमीन म्हणजे केवळ घर नव्हते, मत होते. पुढे गावात तीन चर्च झाली, शाळा झाली आणि सुमारे सव्वादोनशे लोकवस्ती झाली. त्यात काही आयरिश कुटुंबेही होती.

मग शहरातल्या धनिकांना बाग हवीशी वाटली. १८५३ साली कायदा झाला आणि सक्तीने भूसंपादन सुरू झाले. वर्तमानपत्रांनी या गावाला झोपड्यांची घाण म्हणून रंगवले. मालकांना भरपाई मिळाली, पण ती कमी असल्याच्या तक्रारी झाल्या. भाडेकरूंच्या हाती काहीच पडले नाही. १८५७ मध्ये गाव रिकामे केले गेले. बागेच्या सगळ्या जमिनीवरून सुमारे १६०० माणसे उठवली गेली. ८४३ एकरांची ही जगप्रसिद्ध बाग अशी उभी राहिली. पुढे दीडशे वर्षे त्या गावाची आठवणही कुणी काढली नाही. २००१ साली फलक लागला आणि २०११ साली उत्खनन झाले, तेव्हा मातीतून चहाची किटली आणि चिनीमातीच्या बशांचे तुकडे निघाले. झोपड्यांची घाण म्हणून ज्यांना हाकलले, ती नेटका संसार करणारी माणसे होती हे मातीने सांगितले.

हे वाचून कुणी म्हणेल, मग ही बाग पाहायचीच कशाला? आमचे मत उलट आहे. बाग पाहावी, मनसोक्त फिरावे, कारण ती आज खरोखर सर्वांची आहे. पहाटे सहापासून रात्री एकपर्यंत ती तिकिटाशिवाय खुली असते. हार्लेमची आजी आणि पाचव्या अव्हेन्यूचा कोट्यधीश एकाच बाकावर बसू शकतात. पण हे आपोआप झालेले नाही. सुरुवातीला ही बाग बग्गीवाल्यांचीच होती. संगीताचे कार्यक्रम शनिवारी होत आणि कामगारांना सुट्टी असे रविवारी. लोकांनी मागणी करून, भांडून बाग आपली केली. हक्क कागदावर येतो आणि माणसे वापरू लागली की जमिनीवर उतरतो. महाडला पाणी पिण्याचा अर्थ तोच होता.

अमेरिकेच्या दक्षिणेकडे तर बागांच्या हक्कासाठी न्यायालयांत जावे लागले. त्यातली दोन प्रकरणे वकील म्हणून आम्हाला फार महत्त्वाची वाटतात. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहराला १९६१ साली संघराज्याच्या न्यायालयाने बागांमधला वंशभेद बंद करायला सांगितले. शहराने काय केले? १९६२ च्या सुरुवातीला बागाच बंद करून टाकल्या. काळ्यांची मुले येणार असतील तर आमच्याही मुलांना बाग नको, ही ती वृत्ती. दुसरे प्रकरण जॉर्जियातल्या मेकन शहराचे. तिथल्या एका सिनेटरने १९११ सालच्या मृत्युपत्राने फक्त गोऱ्यांसाठी बाग ठेवली होती. काळे लोक येऊ लागल्यावर शहराने विश्वस्तपद सोडले आणि बाग खासगी विश्वस्तांकडे देण्याची खटपट झाली. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बागेचे स्वरूप सार्वजनिक आहे, विश्वस्त बदलून भेदभाव करता येणार नाही. पण १९७० साली दुसऱ्या निकालात त्याच न्यायालयाने ती जमीन मृत्युपत्रकर्त्याच्या वारसांकडे जाऊ दिली. बाग संपली आणि तिथे दुकाने उभी राहिली. समतेचा निकाल जिंकूनही बाग हातची गेली!

या दोन प्रकरणांतून एक धडा निघतो आणि तो आमच्या देशाला तंतोतंत लागू आहे. कायदा दरवाजा उघडतो, तेव्हा मालकीची सवय असलेले लोक दरवाजा अडवून उभे राहत नाहीत, ते जागाच सार्वजनिक यादीतून काढून टाकतात. महाडला तरी काय झाले होते? नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. सत्याग्रहानंतर सवर्णांनी न्यायालयात धाव घेतली आणि सांगितले की तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे. दहा वर्षे हे प्रकरण चालले. १९३७ साली उच्च न्यायालयाने सवर्णांचा दावा फेटाळला. ‘हे सार्वजनिक नाही’ हा युक्तिवाद किती जुना आहे आणि कुणाविरुद्ध वापरला गेला, हे यावरून ध्यानात घ्यावे. आज सरकारी शाळा, सरकारी दवाखाना, एस.टी. यांची जी गत चालली आहे, ती याच चष्म्यातून पाहावी. आमची मुले वर्गात येऊन बसली आणि त्यांची मुले खासगी शाळेत गेली.

बाबासाहेबांनी हा धोका ओळखला होता. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्याबरोबर लोकांच्या नित्य वावराच्या सगळ्या जागा येतात. सरकारी पैशातून पूर्ण वा अंशतः राखलेली किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेली जागा असेल, तर जात, धर्म, वंश, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ अस्पृश्यतेवरून अशी अडवणूक करणाऱ्याला शिक्षा सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही बागांच्या बाजूने ठाम निकाल दिले आहेत. बंगळुरूमध्ये बागेसाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय १९९१ साली टिकला नाही. लखनौच्या अमीनाबादेत बागेखाली बांधायला घेतलेला बाजार १९९९ साली न्यायालयाने पाडायला लावला आणि बाग पूर्ववत करायला सांगितली. बाग ही लोकांची ठेव आहे, सरकार फक्त तिचे विश्वस्त आहे, हे तत्त्व त्यामागे होते.

पण आमची वस्ती हे हत्यार वापरते काय? आम्ही जात म्हणून फाटकावर अडवले जात नाही, हे खरे. आता अडवणूक दुसऱ्या वाटेने येते. मुंबईच्या राणीच्या बागेचे प्रवेशशुल्क २०१७ साली पाच रुपयांवरून पन्नास रुपयांवर गेले. रोजंदारीच्या माणसाने पोरांना घेऊन जायचे की नाही, याचा हिशोब करायचा. मुंबईतली मैदाने देखभालीच्या नावाखाली खासगी संस्थांकडे गेली आणि काही ठिकाणी तिथे सभासदांचे क्लब उभे राहिले. झोपडपट्टीजवळच्या बागेला दुपारी कुलूप असते. पहारेकरी चप्पल आणि कपडे पाहून आवाज चढवतो. आणि वर्षातून एकदा, ६ डिसेंबरला, आमची माणसे अनवाणी पायांनी शिवाजी पार्कवर येतात, रांगेत शांतपणे उभी राहतात, पुस्तके विकत घेऊन गावी जातात, तेव्हा काहींना कचरा आणि गर्दी तेवढी दिसते. त्याच मैदानात इतरांच्या सभा आणि मेळावे होतात, तेव्हा त्याला परंपरा म्हणतात. बागेच्या फाटकावरची जातीची पाटी गेली, पाहणाऱ्याच्या डोळ्यातली गेलेली नाही.

म्हणून आमचे सांगणे दोन प्रकारचे आहे. फिरायला जाल तिथे बाग जरूर पाहा, पण चार प्रश्न सोबत ठेवा. ही जमीन आधी कुणाची होती? आत पुतळे कुणाचे आहेत? दार किती आणि कुणासाठी? शुल्क किती? पोरांनाही हे विचारायला शिकवा. न्यूयॉर्कला सेनेका व्हिलेजच्या फलकापाशी उभ्या राहिलेल्या मुलाला इतिहासाचे पुस्तक जे शिकवत नाही, ते त्या दहा मिनिटांत कळेल. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या लढ्याची माहिती मागवली होती. तो धागा सुट्टीतही तुटता कामा नये.

आणि परत आल्यावर आपल्या वॉर्डाचा विकास आराखडा पाहा. महापालिकेच्या नगररचना खात्यात तो पाहायला मिळतो. वस्तीजवळ बागेचे वा मैदानाचे आरक्षण कुठे आहे, जमीन ताब्यात आली काय, हे माहितीच्या अधिकारात विचारा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यानंतरही ठरलेल्या मुदतीत पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. अशी आरक्षणे गुपचूप मरू दिली जातात आणि तिथे टॉवर उभे राहतात. आमच्या मंडळांनी जयंतीच्या मंडपासाठी जेवढी धावपळ केली, त्याच्या दहाव्या हिश्श्याची या आरक्षणांसाठी केली, तर वस्तीतल्या पोराला पुस्तक घेऊन बसायला एक बाक मिळेल. त्या बाकावर कोण बसेल आणि त्यातून काय घडेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. चर्नी रोडच्या बागेतही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते.